पहिल्यांदा टेस्ट-मेजरमेंटच्या कॉन्फरन्सला जाताना

वेळापत्रक हातात आलं की सगळ्याच सत्रांवर खुणा करत बसू नकोस. कीनोटमध्ये, म्हणजे मुख्य भाषणात, बहुतेक वेळ नव्या उत्पादनांची जाहिरात चालते, ती नंतर वाचूनही कळते. त्यापेक्षा लॅबव्ह्यू (चाचणीची उपकरणं चालवायला वापरतात ती प्रोग्रॅमिंगची प्रणाली) किंवा पायथनमध्ये रोज कोड लिहिणाऱ्यांची सत्रं गाठ. आर्किटेक्चर, टेस्ट सीक्वेन्सिंग (चाचण्यांचा क्रम लावणं), हार्डवेअर नसताना कोड तपासायच्या युक्त्या, यातलं तुझ्या चालू कामात जे अडलंय तेवढंच.

प्रदर्शनाच्या दालनात मात्र निवांत वेळ काढ. माहितीपत्रकं गोळा करण्यापेक्षा उपकरण चालवून दाखवायला सांग. एससीपीआय, म्हणजे उपकरणांना कमांड द्यायची ठरलेली भाषा, हे मानक 1990 पासून आहे, तरी प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. मुद्दाम चुकीची कमांड पाठवायला लाव आणि एरर क्यू, म्हणजे उपकरणाने नोंदवलेल्या चुकांची यादी, वाचायला सांग. -113, म्हणजे अनोळखी हेडर (कमांडचं नाव), असं उत्तर आलं तर ठीक. काहीच नोंद नसेल तर ड्रायव्हर (संगणकावरून उपकरण चालवणारा कोड) लिहिताना रात्री जागायची तयारी ठेव. विक्रीवाल्याला हे सांगता येईलच असं नाही. तो ॲप्लिकेशन इंजिनिअरला, म्हणजे उपकरण प्रत्यक्ष वापरायला मदत करणाऱ्या तंत्रज्ञाला, हाक मारेल, आणि तुला भेटायचं असतं ते त्यालाच!

खऱ्या गप्पा मधल्या सुट्टीत होतात. तुझी अडचण दोन वाक्यांत सांगता येईल अशी तयार ठेव, पण ग्राहकाचं नाव आणि उत्पादनाचे आकडे वगळून. गोपनीयतेचा करार तिथेही लागू असतो. कुणाचं कार्ड घेतलंस तर काय बोलणं झालं ते लगेच त्याच्या मागे लिही. संध्याकाळपर्यंत सगळे चेहरे सारखेच वाटायला लागतात.