वेल्समधे गोल्फ खेळायचाय, ६ लाख ८० हजारांचं पॅकेज घेऊ का?

नमस्कार सर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी तुमची गोष्ट थोडक्यात मांडतो, काही चुकलं असेल तर सांगा. वय ५७, तीन वर्षांनी रिटायरमेंट. मुलगी वेल्समधल्या स्वान्सीला नोकरीला लागलीये, जूनच्या शेवटी तुम्ही दोघं तिच्याकडे जाणार. वहिनी खेळत नाहीत, तुम्ही पुण्यात गेली बारा वर्षं दर रविवारी खेळताय आणि वेल्सच्या समुद्रकाठी एकदा तरी खेळायचं हे जुनं स्वप्न आहे. एका टूरवाल्यानं ८ रात्री, ६ कोर्सेस (पोर्थकॉल, केल्टिक मॅनर, पेनार्ड, ॲबरडोवी, हार्लेक, कॉनवी), हॉटेल, ड्रायव्हरसकट गाडी असं ६ लाख ८० हजारांचं कोटेशन दिलंय, विमानाची तिकिटं वेगळी. त्यासाठी चार वर्षांपूर्वी ४ लाख ६० हजार एकरकमी घातलेला इक्विटी फंड, जो आज ७ लाखांचा झालाय, तो पूर्ण विकायचा आणि तिकिटांसाठी एफडी मोडायची असा विचार आहे. मुलीच्या शिक्षणकर्जाचे ११ लाख अजून बाकी आहेत, साडेदहा टक्क्यांनी, ईएमआय तुम्ही दोघं मिळून भरताय.

एक आधीच सांगून टाकतो, ट्रिप करा. मी तुम्हाला "रिटायर झाल्यावर बघा" म्हणणार नाही. गुडघा आत्ताच कुरकुरतोय म्हणता आणि तिकडे चालूनच खेळावं लागतं, त्यामुळे ही गोष्ट साठीच्या पुढे ढकलण्यात काही शहाणपण नाहीये. माझं म्हणणं फक्त कोर्सेसच्या त्या यादीबद्दल आहे, कारण तुमचे पैसे ग्रीन फीमधे, म्हणजे कोर्सवर खेळायच्या फीमधे, जात नाहीयेत, ते दोन कोर्सेसच्या मधल्या रस्त्यावर जातायत.

वेल्स नकाशावर चिमुकलं दिसतं. क्षेत्रफळ २०,७७९ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या सव्वापट धरा. पण मधे सगळा डोंगर आहे, दक्षिणेकडून उत्तरेकडे सरळ मोटरवे नाही, स्वान्सीहून हार्लेकला जायला गाडीनं तीन-साडेतीन तास सहज जातात. शिवाय सप्टेंबर २०२३ पासून तिकडे वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांना ताशी २० मैलांची मर्यादा आहे, आणि त्या रस्त्यावर गावामागून गाव लागतं. टूरवाल्यानं दक्षिणेचे तीन कोर्स, मग मधला किनारा, मग वर कॉनवी असं सगळं एका आठवड्यात बसवलंय म्हणून ड्रायव्हर लागतो, म्हणून रोज नवं हॉटेल लागतं, आणि मुलीचं घर स्वान्सीत असताना तुम्ही आठही रात्री हॉटेलचे पैसे भरताय. मुलीकडे म्हणून निघायचं आणि आठवडाभर तिला भेटायचंच नाही, हे वहिनींना तरी पटलंय का?

म्हणून माझा सल्ला, या खेपेला फक्त दक्षिण किनारा आणि चारच राउंड, म्हणजे १८ होलचे चार खेळ. पोर्थकॉल, पाइल अँड केनफिग, पेनार्ड आणि टेन्बी.

पोर्थकॉल सोडू नका, ते महाग आहे तरी. १८९१चा क्लब, झाडं जवळजवळ नाहीतच आणि प्रत्येक होलवरून समुद्र दिसतो, पहिले तीन होल तर किनाऱ्याला चिकटूनच जातात. १९९५चा वॉकर कप (हौशी खेळाडूंची अमेरिका विरुद्ध ब्रिटन-आयर्लंड स्पर्धा) इथेच झाला, १९ वर्षांचा टायगर वुड्स अमेरिकेच्या टीममधे होता आणि तरी ब्रिटन-आयर्लंडनं कप जिंकला. २०२५ची विमेन्स ओपन ही बायकांची मोठी स्पर्धाही इथेच झाली, जपानच्या मियू यामाशितानं जिंकली. पाइल अँड केनफिग अगदी शेजारी, हॅरी कोल्टचं डिझाइन, बऱ्यापैकी सपाट, गुडघ्याला बरं. दोन्हींसाठी स्वान्सीहून ट्रेननं पाइल स्टेशन, तिथून टॅक्सी, गाडीची गरजच नाही.

पेनार्डबद्दल मात्र जरा जास्त लिहितो कारण तिथे मी स्वतः खेळलोय आणि तो दिवस डोक्यातून जात नाही. समुद्रापासून साधारण दोनशे फूट उंचावर लिंक्सची, म्हणजे समुद्रकाठच्या रेताड गवताळ कोर्सची जमीन आहे, वाळूच्या टेकड्या, सगळं वरखाली. सातव्या होलला ग्रीनच्या बाजूला पडक्या किल्ल्याच्या भिंती उभ्या आहेत आणि खाली थ्री क्लिफ्स बे, ओहोटीची वेळ होती, ओली वाळू लांबवर चमकत होती. माझा बॉल फेअरवेवर बसलेल्या एका गाईपासून चार हातांवर थांबला, ती उठेना, मी आपला उभा, शेवटी सोबतचे तिथलेच एक आजोबा म्हणाले मार, तिला सवय आहे. जमीन सगळ्या गावाची, त्यामुळे गुरं चरतात, तिथे ते असंच चालतं. पण हा कोर्स चढउताराचा आहे, तेव्हा आदल्या दिवशी आराम करा आणि बॅग ओढायची ट्रॉली नक्की घ्या.

आणि हो, कॅडीचं. आपल्याकडे बॅग कॅडी उचलतो, लाइन तोच सांगतो, आपल्याला सवय होऊन गेलीये. तिकडे बहुतेक ठिकाणी आपली बॅग आपणच ओढायची आणि बग्गीही सगळीकडे मिळत नाही. त्यामुळे सलग सहा राउंड हा तुमच्या गुडघ्यासाठीही चुकीचा आकडा आहे, एक दिवस खेळ एक दिवस सुट्टी असंच ठेवा.

टेन्बीत दोन रात्री रहा, वहिनींसाठी. तटबंदीचं जुनं गाव, समोर बीच, आणि वेल्समधल्या सगळ्यात जुन्या क्लबांपैकी एक असलेला १८८८चा हा क्लब स्टेशनपासून चालत जाण्यासारखा. मुलीला शनिवार-रविवार जमत असेल तर तिलाही न्या.

केल्टिक मॅनर मी काढलं, याचं तुम्हाला वाईट वाटेल कारण तिथे झालेल्या २०१०च्या रायडर कपबद्दल (युरोप विरुद्ध अमेरिका स्पर्धा) तुम्ही इतकं प्रेमानं लिहिलंय. पण तो न्यूपोर्टजवळ आतल्या बाजूला, अस्क नदीच्या खोऱ्यातला रिसॉर्ट कोर्स, स्पर्धेसाठीच बांधलेला. छान आहे, पण समुद्र नाही, आणि तुमचं स्वप्न समुद्राचं आहे. त्या स्पर्धेतनं एक गोष्ट मात्र घ्या, पहिल्याच दिवशी पावसानं सात तासांवर खेळ थांबला, अमेरिकन टीमचे रेनसूट आतून भिजले आणि त्यांना तिथल्या दुकानातनं नवे विकत घ्यावे लागले. तेव्हा चांगल्या रेनसूटला आणि वॉटरप्रूफ बुटांना २० हजार बाजूला ठेवा, इथे काटकसर नको.

हार्लेक आणि ॲबरडोवीही पुढच्या खेपेला. त्यांची मजा वेगळीच आहे, कॅम्ब्रियन किनाऱ्याची रेल्वे बोर्थ, ॲबरडोवी, हार्लेक अशी गोल्फ कोर्सना धरूनच जाते, गाडीशिवाय आख्खी ट्रिप होते. मुलगी तिकडे आहे म्हणजे तुमचं पुन्हा जाणं होणारच.

आता हिशोब, पौंड १२० रुपये धरून. चार ग्रीन फी मिळून ८२ हजार ठेवा, त्यातली जवळपास निम्मी एकट्या पोर्थकॉलची. टेन्बीच्या दोन रात्री ३५ हजार, ट्रेन आणि टॅक्सी २५, बाहेरचं खाणंपिणं ३०, ट्रॉली-बॉल वगैरे १०, रेनसूटचे २०. झाले २ लाख २ हजार, वर थोडी सोय ठेवून २ लाख १० हजार. यातही कमी करता येईल. जूनअखेर तिकडे सूर्य रात्री साडेनऊच्या सुमाराला मावळतो, म्हणजे दुपारी चारला सुरू केलं तरी १८ होल उजेडात आरामात होतात आणि अनेक क्लब दुपारनंतर कमी दर लावतात. आपल्याला सात वाजता अंधार पडायची सवय त्यामुळे हे डोक्यातच येत नाही. पोर्थकॉल सकाळी खेळा, बाकीच्यांना संध्याकाळचा दर विचारा.

पैसे कुठून. फंडात तुमचा नफा २ लाख ४० हजार आहे. सगळा एकदम विकलात तर वर्षाला माफ असलेला सव्वा लाखांचा नफा सोडून उरलेल्या १ लाख १५ हजारांवर साडेबारा टक्के आणि सेस, जवळपास १५ हजार टॅक्स. त्याऐवजी अर्धी युनिट्स ३१ मार्चच्या आत विका, अर्धी एप्रिलमधे. दोन्ही आर्थिक वर्षांत नफा १ लाख २० हजारच्या आसपास राहील, मार्केट अचानक उसळलं नाही आणि दुसरीकडे कुठे इक्विटीचा नफा काढला नसेल तर टॅक्स शून्य. मार्चच्या साडेतीन लाखांत ट्रिपचे २ लाख १० हजार आणि तिकिटांचे १ लाख ४० हजार बसतात, एफडीला हात लावायचा नाही, ती तुमची अडीअडचणीची गाठ आहे. हे पैसे जूनपर्यंत लिक्विड फंडात ठेवा, जूनला लागणारा पैसा आता शेअर बाजारात नको.

एप्रिलचे साडेतीन लाख थेट शिक्षणकर्जात भरा. साडेदहा टक्क्यांनी पहिल्याच वर्षी साधारण ३६ हजार व्याज वाचतं, तेवढ्यात पोर्थकॉलचा राउंड निघाला. आणि बँकेला लेखी सांगा की ईएमआय तोच ठेवा, मुदत कमी करा, म्हणजे तुमच्या रिटायरमेंटच्या आत ते संपायच्या जवळ येईल. जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तर त्या व्याजाची वजावट थोडी कमी होईल, तरीही कर्ज फेडणंच फायद्याचं.

पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस, म्हणजे टूरवाल्यानं आगाऊ घ्यायचा टॅक्स, कापला जातो. रिटर्नमधे तो वळता होतो पण तोवर पैसा अडकतो. क्लबचं बुकिंग स्वतः केलं तर ही भानगड नाही, फक्त साधं क्रेडिट कार्ड वापरू नका, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के मार्कअप आणि वर जीएसटी जातो. फॉरेक्स कार्ड घ्या, वर्षाला १० लाखांच्या आत त्यावर टीसीएस नाही.

बुकिंगचा क्रम उलटा ठेवा. आधी पोर्थकॉल, कारण पाहुण्यांना ठरावीकच दिवस मिळतात, बाकीचे तीन त्याच्या मागेपुढे बसतील. तुमच्या क्लबकडून हँडिकॅपचं (तुमच्या खेळाच्या पातळीचा आकडा) सर्टिफिकेट आत्ताच घेऊन ठेवा, काही क्लब मागतात. तिकीट काढायच्या आधी एअरलाइनला गोल्फ बॅगचं विचारा. पोर्थकॉलची तारीख हातात आली की मला कळवा, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात फंड विकायचा (रिडेम्पशनचा) फॉर्म आपण एकत्र बसून भरू, शेवटच्या दोन दिवसांवर ठेवायला नको.