इंग्लंडमध्ये घराखाली बार येतोय, कौन्सिलकडे हरकत कशी घ्यायची?

दुकानाच्या काचेवर फिकट निळा कागद चिकटवलाय का बघा. तीच अर्जाची नोटीस. हरकतीसाठी २८ दिवस मिळतात आणि शेवटची तारीख त्याच कागदावर छापलेली असते. ती चुकवू नका, कारण एकही ग्राह्य हरकत आली नाही तर कौन्सिलला लायसन्स द्यावंच लागतं.

२००३च्या लायसन्सिंग कायद्यात चारच मुद्दे चालतात: गुन्हेगारी व गोंधळ, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव, आणि मुलांचं संरक्षण. 'दारू वाईट', 'घराची किंमत पडेल', 'पार्किंग मिळत नाही' हे कितीही खरं वाटलं तरी उपयोगाचं नाही. त्याऐवजी असं लिहा: 'माझ्या मुलीची बेडरूम मागच्या अंगणाला लागून आहे, तिथेच सिगारेट ओढायची जागा दाखवली आहे आणि अर्ज रात्री एकपर्यंतचा आहे.' अशा पत्राला वजन असतं. सोसायटीत एकच मजकूर छापून पन्नास सह्या घेण्याची आपली सवय इथे फारशी कामाची नाही. आणि हो, तुमचं नाव-पत्ता सहसा अर्जदाराकडेही जातो.

मग सुनावणी होते, बहुधा तीन नगरसेवकांपुढे. पूर्ण नकार क्वचितच मिळतो. अकरानंतर अंगण बंद, दारं-खिडक्या लावून संगीत, बाटल्यांचा कचरा रात्री टाकायचा नाही, अशा अटी मात्र पदरात पाडून घेता येतात. मी तर थेट त्याच मागेन. निकाल पटला नाही तर २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येतं, पण तिथे खर्च अंगावर येऊ शकतो.