धाकट्या भावाचं अर्धवट राहिलेलं पार्क पूर्ण करावं का?

तुम्ही लिहिलंय, भावाला जाऊन सहा महिने झाले, बीडजवळच्या शेतात त्यानं काढलेल्या पार्कचं काम अर्धवट पडलंय आणि घरचे म्हणतात, विकून मोकळे व्हा. मी जालना जिल्ह्यातली. माझा धाकटा भाऊही असंच अर्धं पार्क मागं ठेवून गेला. आम्ही ते पूर्ण केलं, म्हणून लिहितेय.

आमच्या रानात मोसंबीची बाग होती. 2012-13 च्या दुष्काळात ती उभी वाळली, झाडांचं सरपण झालं. त्या मोकळ्या रानात त्याला पोरांसाठी पार्क करायचं होतं. शाळेच्या सहलीत पैठणचं संत ज्ञानेश्वर उद्यान बघून आला, तेव्हापासून त्याच्या तोंडी कारंज्याशिवाय विषय नसायचा.

दादा, आधी कागद बघा. भावाच्या हिश्शावर हक्क त्याच्या बायकोचा, मुलांचा आणि आईचा, आपला नाही. वारसांचा फेरफार होऊन सातबाऱ्यावर त्यांची नावं लागू द्या. भावजयीला मनातून पटत नसेल तर एक वीटही रचू नका. पटलं तर लेखी घ्या आणि खर्चाची वही तिच्याच हाती द्या. आमच्याकडे हे उशिरा झालं आणि त्यावरून घरात चार महिने अबोला होता.

मला धीर आला तो रॉय डिस्नेंमुळे, म्हणजे मिकी माउसवाल्या वॉल्ट डिस्नेंच्या थोरल्या भावामुळे. डिसेंबर 1966 मध्ये वॉल्ट डिस्ने गेले, तेव्हा अमेरिकेत फ्लोरिडातलं त्यांचं मोठं पार्क कागदावरच होतं. रॉय त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठे, निवृत्तीला आलेले. तरी निवृत्ती लांबवून ते कामावर राहिले, 1 ऑक्टोबर 1971 ला पार्क उघडलं, आणि नावात भावाचं नाव हवंच म्हणून ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ असं नाव लावून घेतलं. त्याच डिसेंबरात तेही गेले. पण वॉल्टना तिथं माणसं राहतील असं अख्खं शहर वसवायचं होतं, ते रॉयनी बाजूला ठेवलं. जे उभं राहू शकत होतं तेवढंच उभं केलं. हे वाचल्यावर माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

कारण आम्हालाही पाण्याच्या घसरगुंड्या सोडाव्या लागल्या. उन्हाळ्यात गावाला टँकर येतो, तिथं खेळायला पाणी कुठून आणणार? त्यासाठी खणलेल्या खड्ड्यात प्लास्टिकचा कागद अंथरून शेततळं केलं. आज झाडांचं ठिबक त्यावर चालतं. कारंजं मात्र केलं, छोटंसं, तेच पाणी फिरवणारं.

भावाची वही असेल तर ती पानन् पान वाचा. मी आधी नुसत्या किमती आणि मापं बघत होते. मग एका पानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं: ‘दर वीस पावलांवर सावली. म्हाताऱ्या माणसांना दम लागतो.’ घसरगुंड्या गेल्या तरी चालेल, पण हे सुटायला नको, असं मला त्या क्षणी वाटलं.

दुसऱ्या दिवशी आईला फाटकापासून चालायला लावलं. पावलं माझी नाही, तिची मोजली. मी मागून चुन्यानं खुणा करत होते. कडुलिंब वाढेपर्यंत त्या खुणांवर शेडनेटचे मांडव घातले. चौथ्या खुणेच्या अलीकडेच ती दमून दगडावर टेकली, म्हणून तो मांडव आम्ही सात पावलं अलीकडे घेतला.