उन्हाळ्यात स्वयंपाक करताना शास्त्रीय गायनाच्या रेकॉर्डी लावाव्यात का, आणि कोणत्या?

आपण विचारले आहे की वडिलांकडून आलेल्या शास्त्रीय गायनाच्या जुन्या रेकॉर्डी, कैरी-आंब्याची कामे चालू असताना, स्वयंपाक करता करता ऐकल्या तर चालेल का, त्यांतल्या कोणत्या निवडाव्यात, आणि असे ऐकणे म्हणजे त्या गायकांचा अनादर तर होत नाही ना. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्याला कोणीही देईल. तिसरा प्रश्न मात्र आमच्या घरात दर मे महिन्यात निघतो, म्हणून त्याचे उत्तर आधी देते. अनादर होत नाही. तसा तो होतो असे ठासून सांगणारी जी माणसे मला भेटली, त्यांपैकी एकानेही कधी पाकाची तार बोटांत धरून पाहिलेली नव्हती.

मी इंदूरची. आमच्या गावाचा अभिमान सराफ्यातल्या खाण्यापुरता आणि लताबाईंच्या जन्मापुरताच असतो असा बाहेरच्यांचा समज आहे. पण उस्ताद अमीर खाँ याच गावात वाढले, त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकरांच्या पदरी सारंगिये होते, आणि त्यांची गायकी आज इंदूर घराण्याच्या नावाने ओळखली जाते, हे आम्ही मराठी घरांतली माणसेसुद्धा आपल्याच घरचे असल्यासारखे सांगतो. त्यांची १९६०च्या सुमारास निघालेली एक लाँगप्ले रेकॉर्ड आहे, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. ती माझ्या सासऱ्यांनी घेतली होती आणि आजही आमच्याकडे वाजते. एका बाजूला सूर्यास्ताचा राग आणि दुसऱ्या बाजूला मध्यरात्रीचा, त्यामुळे बाजू उलटण्यापूर्वी मध्ये चांगले चार-पाच तास जाऊ द्यावे लागतात, आणि ते तास उन्हाळ्यात आमच्याकडे स्वयंपाकघरातच जातात.

साखरांबा मी संध्याकाळी करते. दुपारी चाळीस अंशांच्या वर पारा असताना गॅसपाशी तासभर उभे राहण्याचे काही कारण नाही. कैऱ्या सकाळी सोलून किसून घ्यायच्या, कीस वाफवून ठेवायचा, आणि ऊन उतरल्यावर साखर घालून मंद आचेवर पाक चढू द्यायचा. यापुढच्या कामाला डोके लागत नाही, पण तेथून हलताही येत नाही. हात गोल फिरत राहतो आणि कान मोकळे असतात. अमीर खाँसाहेबांचा विलंबित झुमरा, म्हणजे चौदा मात्रांचे ते लांबच लांब आवर्तन, ऐकण्यासाठी याहून योग्य अवस्था मला तरी माहीत नाही. मारव्यात पंचम, म्हणजे ‘प’, नाही, आणि षड्जावरही, म्हणजे ‘सा’वरही, गायक सहजी टेकत नाही. कोमल ऋषभ आणि धैवत यांच्यातच तो कितीतरी वेळ फिरत राहतो. घाई असलेल्या माणसाला हे सहन होत नाही. ज्याच्यासमोर पाक अजून एकतारीसुद्धा झालेला नाही, त्याला घाई असून चालत नाही.

असाच एका मे महिन्यात साखरांबा गॅसवर होता आणि मारवा नुकताच लागला होता. माझे थोरले दीर, ज्यांना मी भाऊजी म्हणते, सुट्टीसाठी पुण्याहून आले होते. भाऊजींचे गाण्याचे ज्ञान मोठे आहे, हे मी त्यांच्या तोंडावरही सांगते. कोणत्या गायकाने कोणती चीज, म्हणजे बंदिश, कोणाकडून घेतली हे त्यांना पाठ असते. ते बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. आलापीची बढत जेमतेम मध्य सप्तकात आली असेल, तोच गाणे एकाएकी थांबले. मला वाटले वीज गेली. पाहते तो भाऊजी सुई उचलून उभे. म्हणाले, ‘‘वहिनी, हे गाणे भांड्यांच्या आवाजात ऐकायचे नाही. ऐकायचे तर येऊन बसा, नाहीतर रेडिओवर काहीतरी हलके लावा.’’

माझ्या हातात झारा होता आणि पाक अगदी येण्याच्या बेतात होता, त्यामुळे मी तेथून हलू शकत नव्हते. मी आतूनच म्हणाले, ‘‘भाऊजी, भांड्यांचा आवाज तुमच्या रात्रीच्या जेवणाचा आहे.’’ ते म्हणाले की मुद्दा जेवणाचा नाही, एकाग्रतेचा आहे. मी म्हणाले की वर्तमानपत्र वाचत ऐकण्यात कोणती एकाग्रता होती तेही सांगावे. येथवर हे नेहमीचेच दीर-भावजयीचे बोलणे होते आणि हसण्यावारी गेलेही असते; पण माझ्या सासूबाई, ज्या तोपर्यंत कोपऱ्यात बसून दुसऱ्या दिवशीच्या आंबेडाळीसाठी हरभऱ्याची डाळ निवडत होत्या, त्या मध्ये पडल्या. राजवाड्याजवळच्या जुन्या घरी सासऱ्यांच्या हौसेखातर वर्षातून एखाद-दुसरी गाण्याची बैठक होत असे आणि ती शेवटी भैरवीने संपत असे. बाहेर जाजम, लोड, तंबोरे. आत माजघराच्या दारामागे चूल आणि पाहुण्यांसाठी चाललेला स्वयंपाक. सासूबाईंनी मान वर न करता मुलाला सांगितले, ‘‘तू त्या बैठकीत लोडाला टेकून झोपत होतास. भैरवी व्हायची तेव्हा तुला उचलून आत मीच आणायचे. मी जागी असायचे, कारण मला पुऱ्या तळायच्या असत.’’

भाऊजींचे म्हणणे की ते तेव्हा लहान होते आणि झोपणे हा लहान मुलाचा हक्क आहे. ते खरेच आहे. पण सासूबाईंचा रोख त्यांच्या झोपेवर नव्हता, हे भाऊजी अजूनही मान्य करीत नाहीत. बैठकीत मांडी घालून, डोळे मिटून, समेवर मान हलवून ऐकणे हीच एक खरी ऐकण्याची रीत आहे असे ज्यांनी ठरवले, त्यांना ती रीत परवडत होती, कारण दारामागे कोणीतरी उभे होते. त्या उभ्या राहिलेल्या बायकांनी ऐकलेले गाणे हिशेबातच धरायचे नाही, हा कोठला न्याय? माझ्या सासूबाईंना रागांची नावे फारशी येत नव्हती, पण दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना त्या आदल्या रात्रीच्या चिजेचा मुखडा अचूक गुणगुणत, आणि तो कुठे चुकला तर सासरे बाहेरून दुरुस्त करीत नसत, कारण तो चुकत नसे.

भाऊजींना मी आणखी एक दाखला देते आणि त्यावर ते नेहमी विषय बदलतात. देवास आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी असताना तेथे राहायला आले आणि पुढची काही वर्षे त्यांना गाण्याची मनाई होती. त्या काळात अंथरुणावर पडून त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली, आणि त्या धुनांमधून पुढे त्यांचे धुन-उगम राग आले. ती लोकगीते कोणी बैठकीत बसून म्हणत नव्हते. लग्नाच्या घरात, सणावाराला, रोजच्या कामाच्या नादात बायका म्हणत होत्या. हात कामात असलेल्या माणसांच्या गळ्यातून निघालेले गाणे एवढ्या मोठ्या गायकाला पुरले, तर हात कामात असलेल्या माणसाच्या कानांनी ते ऐकण्यात अपमान कसला होतो, हे मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही.

आता आपला निवडीचा प्रश्न. आपल्याकडे नेमक्या कोणत्या रेकॉर्डी आहेत हे आपण लिहिलेले नाही, म्हणून नावांची यादी देण्यात अर्थ नाही. एवढे सांगते की उन्हाळ्यात निवड रागापेक्षा कूलरवर जास्त अवलंबून असते. दुपारी खसाच्या ताट्या लावलेला कूलर घरघरत असतो, आणि त्या घरघरीत मंद्र सप्तकातले, म्हणजे खालच्या सुरांतले, काहीही ऐकू येत नाही. अमीर खाँसाहेबांचे अर्धे गाणे तर तेथेच असते. म्हणून दुपारी मी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या लावते: तीन-साडेतीन मिनिटांत पूर्ण राग उभा करणारे, वरच्या पट्टीतले, धारदार आवाज. सारंगाचे प्रकार असतील तर उत्तमच, ते दुपारचेच राग आहेत. तिसऱ्या प्रहरानंतर भीमपलासी, मुलतानी. अडचण एवढीच की दर तीन मिनिटांनी हात धुऊन उठावे लागते, त्यामुळे पन्ह्यासाठी कैऱ्या उकडत ठेवल्या आहेत, डाळ भिजते आहे, अशा सवडीच्या कामांतच त्या लावाव्यात. लाँगप्लेची एक बाजू वीस-बावीस मिनिटे चालते. गुळांब्याला, साखरांब्याला, सांडग्यांचे पीठ मळायला तीच सोयीची. रात्री माळव्यात हवा उतरते. आमच्याकडची रात्र उगाच प्रसिद्ध नाही. कूलर बंद होतो आणि मग दरबारी लावायचा, तोपर्यंत बरण्या भरून झाकलेल्या असतात.

रेकॉर्ड प्लेअर मात्र स्वयंपाकघरात ठेवू नये. फोडणीच्या तेलाची वाफ तबकडीवर बसते, तिच्यावर धूळ चिकटते, आणि ती दोन्ही सुईला लागून खरखर सुरू होते. मिक्सर ज्या ओट्यावर आहे त्याच्या जवळपासही ठेवू नये, त्याच्या हादऱ्याने सुई उडते. प्लेअर शेजारच्या खोलीत, दार उघडे, आवाज बेताचा, एवढे पुरे. रेकॉर्डी उभ्या ठेवाव्यात, एकावर एक आडव्या रचू नयेत. लाँगप्लेचे प्लॅस्टिक उष्णतेने वाकते, म्हणून पत्र्याखालच्या माळ्यावर, उन्हे येणाऱ्या खिडकीत किंवा मे महिन्यात बंद मोटारीत त्या ठेवणे म्हणजे त्या टाकून देणेच आहे. कूलरच्या झोतातही नकोत, ओलीने पुठ्ठ्याच्या वेष्टनांना बुरशी धरते. चिकट हातांनी तबकडी धरायची नाही हे आपल्याला वडिलांनी शिकवलेच असेल.

वडिलांच्या संग्रहात अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या असतील तर त्या लाखेच्या असतात. त्या स्पिरिटने किंवा अल्कोहोल असलेल्या कोणत्याही द्रावाने पुसू नका, लाख त्यात विरघळते. त्यांची खाचही रुंद असते, तेव्हा लाँगप्लेची सुई त्यांना लावू नका, वेगळी मिळते.

भाऊजींच्या बाजूने एक गोष्ट लिहिली नाही तर ते हे उत्तर वाचून फोन करतील, म्हणून लिहिते. जी रेकॉर्ड आपण कधीच ऐकलेली नाही, ती पहिल्यांदा बसून ऐकावी, काहीही न करता. दुसऱ्यांदा ऐकताना हातात काम असेल तर बरेच. दरबारी मी स्वतः गॅसपाशी ऐकत नाही, ते वर आलेच आहे. आणि तळण चालू असताना कोणतेही गाणे लावू नये, कारण तेथे कान तेलाकडे असावे लागतात. सासूबाईंना ते जमत होते, मला जमत नाही. बाकी सगळ्या बाबतींत भाऊजींचे म्हणणे मला मान्य नाही, आणि आपणही मान्य करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याही घरात कोणी मध्येच उठून सुई उचलणारे असतील, तर वाद घालण्यात वेळ दवडू नका. त्यांच्यापुढे राजापुरी कैऱ्या आणि किसणी ठेवा, आणि बाजू पुन्हा पहिल्यापासून लावा. सोललेल्या असतील तर एक बाजू संपेपर्यंत किलोभर कीस सहज होतो, आणि तेवढ्या वेळात त्यांना उठायला हात मोकळा मिळत नाही.