सायकल, लॅपटॉप चोरीला गेला तर आपलाच आहे हे पटवता यावं म्हणून खूण कशी करावी?

नेरूळला पार्किंगमधून माझी सायकल गेली, तेव्हा पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "फ्रेम नंबर?" मी गप्प. तो बहुतेक सायकलींना पेडलच्या मधल्या जोडाखाली, फ्रेमच्या पोटाला ठोकलेला असतो. सायकल उलटी करा, चिखल पुसा, फोटो काढून ठेवा. नव्या सायकलीच्या सीटखालच्या नळीत मी नाव-मोबाइलची चिठ्ठीही सरकवली आहे. वरचं स्टिकर काय, चोर आधी तेच खरवडतो.

लॅपटॉपच्या तळाला यूव्ही पेनने, म्हणजे फक्त अतिनील दिव्याखाली दिसणाऱ्या शाईच्या पेनने, नाव-मोबाइल लिहा. साध्या उजेडात दिसत नाही, पण पुसट होतं, अधूनमधून पुन्हा गिरवा. फोनवर *#०६# दाबलं की १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, मिळतो. फोन गेल्यास पोलीस तक्रार करून 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर तो ब्लॉक करता येतो. दागिन्यांवर मात्र कोरत बसू नका, मोजपट्टीशेजारी ठेवून फोटो काढा, पावती जपा.