भविष्यातली गॅझेट्स आणि आमच्याकडचं पत्र्याचं डबडं

तुमचा प्रश्न असा आहे: "हवेतून पाणी भरणारी बाटली, तुकडे जोडून बनवायचा फोन, आरपार दिसणारा मोबाइल अशी भविष्यातली गॅझेट्स व्हिडिओत दिसतात. ती खरंच कधी आपल्या हातात येणार आहेत का, की नुसती चित्रंच?"

माझं लातूर जिल्ह्यात औशाला मोटार रिवायंडिंगचं आणि स्टार्टर दुरुस्तीचं दुकान आहे. जोडीला मोबाइलही उघडतो. त्यामुळे हे उत्तर दुरुस्तीवाल्याचं आहे, डिझायनरचं नाही. कुठलंही नवं यंत्र दाखवा, मला आधी दोनच प्रश्न पडतात: याची बॅटरी कुठंय, आणि याची गरमी कुठून बाहेर पडणार? चित्र काढणाऱ्याला या दोन्हींशी देणंघेणं नसतं. तिथंच निम्मी गॅझेट्स गळतात.

आधी बाटली, कारण पाण्याचा विषय निघाला की लातूरकराला राहवत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि त्यांत ५ लाख लिटर पाणी. त्याच दिवसांत एक गिऱ्हाईक मोबाइलवर व्हिडिओ घेऊन दुकानात आलं. परदेशातली बाटली, सायकलला अडकवायची, उन्हावर चालते आणि हवेतून आपोआप भरते. "मिस्तरी, हे खरं हाय का वो?"

म्हटलं, करूनच बघू. पेल्टियर प्लेट म्हणून एक वस्तू मिळते, ४ सेंटिमीटर लांबरुंद, बिस्किटाएवढी. १२ व्होल्ट दिले की तिची एक बाजू गार पडते, दुसरी तापते. तापणाऱ्या बाजूला भंगारातल्या कॉम्प्युटरचा हीटसिंक आणि पंखा बसवला, फवारणी पंपाची बॅटरी जोडली आणि भर दुपारी दुकानाच्या दारात ठेवलं. अर्ध्या तासाने गार बाजूला घाम फुटला, मग थेंब धरले. बॅटरी बसेपर्यंत, म्हणजे दीडेक तासात, बाटलीची दोन टोपणं भरली. शेजारचे पानवाले मामा हा सगळा खटाटोप बघत बसले होते. ते म्हणाले, "यापरीस माठाखाली वाटी ठिवा, जास्त पानी मिळंल."

मामांचं बरोबर होतं. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, एका लिटरमागे सुमारे ०.६७ युनिट, म्हणजे ६७० वॅट-तास. ती कुणीतरी ओढून बाहेर फेकावी लागते. तळहाताएवढ्या सोलर पट्टीतून कडक उन्हातही २ वॅटच्या आसपासच वीज मिळते, सहा तासांत १२ वॅट-तास. सगळं गणित बाटलीच्या बाजूने धरलं तरी पाणी २० मिलिलिटरच्या आतच, एक घोट. तत्त्वात खोट नाही. कॉम्प्रेसर लावला तर खर्च केलेल्या विजेच्या अडीच-तीन पट उष्णता ओढता येते, म्हणून हवेतून पाणी काढणारी मोठी यंत्रं आहेत आणि ती चालतातही, दमट हवेत तर चांगलीच. पण तिथंही लिटरला पाव युनिट धरा. मिरजेच्या त्या पहिल्या गाडीएवढं पाणी हवेतून काढायचं तर सव्वा लाख युनिट वीज लागेल. वर आमची उन्हाळ्यातली हवा: ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असली की एका घनमीटरमध्ये जेमतेम १० ग्रॅम पाणी. पावसाळ्यात मात्र यंत्र झकास चालेल. तेव्हा पाणी पत्र्यावरून फुकट वाहत असतं.

तुकड्यांच्या फोनवर माझा जीव होता, हे आधी कबूल करतो. २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या डेव्ह हॅकन्स या तरुण डिझायनरने फोनब्लॉक्स नावाची कल्पना मांडली. कॅमेरा, बॅटरी, स्क्रीन असे सगळे ठोकळे वेगळे. जे बिघडेल तेवढंच बदलायचं. त्याच वर्षी तेव्हा गूगलच्या ताब्यात असलेल्या मोटोरोलाने अशाच फोनचा प्रोजेक्ट आरा जाहीर केला, आणि २०१६ मध्ये गूगलने तो गुंडाळला. तेव्हा वाईट वाटलं होतं. आता कारण रोज टेबलावर दिसतं. माझ्याकडे मोबाइलची सगळ्यात जास्त येणारी तक्रार कोणती? चार्जिंगचा जॅक. का? तर फोनमध्ये सारखा लावायचा-काढायचा जोड तेवढा एकच. खिशातली धूळ, घाम, खळ्यावरचा तुरीचा भुसा, सगळं तिथं जाऊन बसतं. सुईने कोरून काढला तर चिमूटभर कचरा निघतो. आता असे आठ जोड असलेला फोन डोळ्यांसमोर आणा! शिवाय प्रत्येक जोडाला जागा लागते, पिना लागतात, पकड लागते. फोन जाड होतो आणि बॅटरीची जागा खातो.

तरी ती कल्पना मेली नाही, बारीक होऊन आली. ॲमस्टरडॅमच्या फेअरफोनने २०१५ च्या अखेरीस स्क्रू ड्रायव्हरने उघडणारा फोन बाजारात आणला. फ्रेमवर्कचा लॅपटॉप २०२१ पासून मिळतो, त्याची चार्जिंगची पोर्टंसुद्धा बदलता येतात. युरोपीय संघाने तर २०२३ मध्ये नियमच केला: काही अपवाद सोडले तर २०२७ पासून उपकरणाची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. मला विचाराल तर या दशकातली सगळ्यात मोठी डिझाइन कल्पना हीच, निघणारी बॅटरी. आमच्या आधीच्या पिढीच्या फोनला ती होती! आज फुगलेली बॅटरी काढायला मी फोन गरम करतो, व्हॅक्यूम कपाने स्क्रीन उचलतो, फटीत पिक सरकवतो आणि जीव मुठीत धरून डिंक सोडवतो. एक चुकीचा ओरखडा, की डिस्प्लेचे पैसे माझ्या अंगावर.

आरपार मोबाइलचं थोडक्यात सांगतो. पडदा आरपार होतो, तसे टीव्ही बनलेही आहेत. पण सर्किट आणि बॅटरी आरपार होत नाहीत, ती खालच्या पट्टीत दडवावी लागतात. टीव्हीला खाली ठोकळा चालतो. हातातल्या फोनला तो कुठं देणार? आणि छातीला लावायची ती एआय पिन आठवते का, तळहातावर लेझरने अक्षरं उमटवणारी? एप्रिल २०२४ मध्ये ती ६९९ डॉलरला आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बंदही पडली. मे महिन्यात दुपारी एकला औशाच्या स्टँडवर उभं राहून तळहातावर लेझर वाचून दाखवा, मी दुकान तुमच्या नावावर करतो.

आता जे आलं त्याबद्दल, कारण ते मी रोज हाताळतो. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइट दिवसातले ठरावीक तास असते आणि पाळीपाळीने रात्री येते. पूर्वी माणसं रात्री एक-दीडला बॅटरी आणि काठी घेऊन बोअरवर जायची. मोटार चालू करून परत आलं की लाइट गेलेली. मग ऑटो आले: लाइट आली की मोटार आपोआप चालू. झोप मिळाली, पण डीपी, म्हणजे मोटारींना वीज देणारे ट्रान्सफॉर्मर, जळायला लागले. असं बघा, ५ एचपीची मोटार चालताना ७ अँपिअरच्या आसपास घेते, पण सुरू होताना पाच-सहा पट. १०० केव्हीएच्या डीपीची ताकद साधारण १३३ अँपिअर. पंधरा मोटारी नुसत्या चालल्या तर १०५, म्हणजे डीपी निवांत. पण सगळ्यांना ऑटो बसवला की लाइट येताक्षणी पंधराच्या पंधरा एकदम उठतात आणि मागणी सहाशेवर जाते. ऑटो काढा, कपॅसिटर बसवा असं महावितरण सांगत असतं, ते उगाच नाही.

त्यानंतर आला मोबाइल स्टार्टर. पत्र्याची पेटी, आत कॉन्टॅक्टर (मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) आणि सिम टाकलेलं कार्ड. पेटीला फोन लावायचा, बटण दाबायचं, मोटार चालू. लाइट आली की पेटी स्वतःच फोन करून सांगते. एक फेज गेला, बोअरचं पाणी तुटलं, तर मोटार बंद करून तेही कळवते. आणि ऑटोवर टाकलीच, तर प्रत्येक पेटीला वेगळा उशीर लावून देता येतो: पहिली २० सेकंदांनी, पुढची ४० सेकंदांनी. डीपी वाचतो. या पेटीचं चकचकीत चित्र कुणी काढलेलं मी पाहिलं नाही. दिसायला ती डबडंच आहे. पण माझ्या माहितीतल्या किती माणसांची रात्रीची पायपीट तिने वाचवली, याची मोजदाद नाही.

तिच्याही तऱ्हा आहेत. कॉन्टॅक्टरच्या पट्ट्यांत पाल चिकटून मरते आणि गिऱ्हाईक म्हणतं मशीन खराब. रिचार्ज संपला की पेटी मुकी. जुन्या पेट्या टूजीवर चालतात, त्यात फक्त फोरजी असलेल्या कंपनीचं सिम घातलं की नेटवर्कच पकडत नाही. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. उन्हात पत्रा तापून आतलं कार्ड हँग व्हायचं, म्हणून मी एका वर्षी खालच्या बाजूला भोकं पाडून दिली. पंधरा दिवसांत कुंभारीण माशीने सगळी भोकं मातीने लिंपून टाकली. आता भोकांना आतून बारीक जाळी लावतो आणि पेटी लिंबाच्या सावलीला बसवायला सांगतो. व्हिडिओतल्या कुठल्या गॅझेटला कुंभारीण माशी भेटली असेल असं वाटत नाही.

थोडं विषयांतर. भविष्याचं म्हणावं असं खरंखुरं यंत्र मराठवाड्यातच होतंय, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ: लायगो इंडिया. २०२३ मध्ये केंद्राने त्याला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात ४-४ किलोमीटरच्या दोन नळ्या, आत लेझर आणि टोकांना आरसे. अवकाशातून गुरुत्वीय लहर गेली की आरशांमधलं अंतर प्रोटॉनच्या रुंदीपेक्षाही कितीतरी कमी हलतं, तेवढं ते मोजणार. बाहेरून बघणाऱ्याला मात्र पाण्याची पाइपलाइन चाललीय असंच वाटेल.

पुढं काय येईल, तेही सांगतो. फवारणीचा ड्रोन आलाच आहे, एकराला सात-आठ मिनिटं. त्याचं दुखणं पुन्हा बॅटरीच. आणि सौरपंप जोरात आहे. दिवसा ऊन, दिवसा पाणी, रात्रीचा प्रश्नच मिटला. म्हणजे मी ज्या पेटीचं एवढं कौतुक केलं तिचंही काम आता कमी होत चाललंय. दुरुस्तीपेक्षा पेट्या काढून द्यायलाच लोक जास्त येतात.

गेल्या महिन्यात एक तात्या अशीच पेटी पिशवीत घालून घेऊन आले. सत्तरी ओलांडलेली, शेतात एकटेच राहतात. सौरपंप बसलाय. म्हणाले, "ही सौरावर लावता येईल का वो?" मी सांगितलं, तात्या, गरज नाही, तुमच्या कंट्रोलरमध्ये सगळं आहे, मोबाइलवर दिसतं. त्यांच्या नातवाचा मोबाइल घेऊन ॲप उघडून दाखवलं. किती युनिट, किती पाणी, आलेख, सगळं इंग्रजीत. तात्यांनी नीट बघून घेतलं.

"पर हे बोलत न्हाई," ते म्हणाले. "ती पेटी बोलायची. मोटार चालू झाली आहे, म्हणायची."

पेटी ठेवून घेतली आहे. तिच्यातलं आवाजाचं कार्ड सौरपंपाच्या कंट्रोलरला जोडता येतंय का ते बघतोय. व्होल्टेजचं जमलं, सिग्नल कुठून उचलायचा ते अजून सापडलेलं नाही.