टीव्हीवर झालेल्या बिग बँड जाझची (म्हणजे पंधराएक वादकांच्या मोठ्या ताफ्याच्या जाझची) जुनी ध्वनिमुद्रणं घ्यावीत का, की त्याच वादकांच्या स्वच्छ स्टुडिओ एलपी पुरेत? स्वच्छ एलपी असताना खरखर कशाला ऐकायची?

घ्यावीत. आणि ‘स्वच्छ एलपी असताना खरखर कशाला ऐकायची’ हे जे तुम्ही प्रश्नात लिहिलंय, ते आमच्या भाऊजींचं आवडतं वाक्य आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाऊजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. १९६३ साली अमेरिकन जाझ बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन मुंबईत आला तेव्हा त्यांच्या वडिलांनी तो ऐकला होता, त्यामुळे जाझ आपल्या घराण्यातच आहे अशी त्यांची समजूत. त्यांच्याकडे कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीची ‘द साउंड ऑफ जाझ’ ही एलपी आहे. पाहुणे आले की चहाच्या आधी ती तबकडी निघते आणि मागोमाग पालुपद: “हे अमेरिकेत टीव्हीवर लाइव्ह झालेलं बरं का, सत्तावन्न साली!”

नाही झालेलं! सीबीएस या अमेरिकन वाहिनीवरचं थेट प्रसारण ८ डिसेंबर १९५७ चं, रविवारचं. एलपी त्याच्या काही दिवस आधी कोलंबियाच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. नाव तेच, माणसं बरीचशी तीच, पण वाजवणं वेगळं. टीव्हीवर जेरी मलिगन बॅरिटोन सॅक्सोफोन घेऊन उभा आहे. एलपीवर तो नाहीच. हे मी भाऊजींना किती वेळा सांगितलं! “तपशील रे,” म्हणतात.

मागच्या दिवाळीत ताईकडे सगळे जमले होते, तेव्हा मी त्यांच्याच टीव्हीवर ते प्रसारण लावलं. कोणाच्या डोक्यावर हॅट, कोणी स्वेटरमध्ये, कॅमेरे आणि माइक उघड दिसताहेत, तालीम चालू असावी तसा सगळा मामला. थेलोनियस मंक पियानोवर, आणि बँडप्रमुख काउंट बेसी त्याच पियानोला टेकून त्याच्या तोंडाकडे टक लावून बघतोय. ताई तिथेच हसायला लागली. मग गायिका बिली हॉलिडेचं ‘फाइन अँड मेलो’. सॅक्सोफोन वाजवणाऱ्या लेस्टर यंगची तब्येत इतकी ढासळलेली की बेसीच्या मोठ्या बँडमधून त्याला वगळलं होतं. इथे तो उठतो, ब्लूजचे बारा बार, म्हणजे गाण्याची एकच फेरी, वाजवतो, मिनिटभरही नाही. स्वर मोजकेच. आणि बिली मान डोलावत त्याच्याकडे बघत राहते. दोघंही १९५९ मध्ये गेले. एलपीवरही लेस्टर हेच गाणं वाजवतो, चांगलं वाजवतो, पण हे ते नव्हे.

खोलीत कोणी बोलेना. मग भाऊजी म्हणाले, “चित्रामुळे भारी वाटतं. डोळे मिटून ऐक, आवाज डब्यातला आहे.” ताई म्हणाली, “मग तुम्ही मिटा ना डोळे.”

आवाज डब्यातला आहे, हे मान्यच. मी नाटकांना साऊंड करतो, मला ऐकू येतं. त्या काळी प्रसारण जपायचं तर बहुधा टीव्हीच्या पडद्यासमोर १६ मिमीचा फिल्म कॅमेरा लावायचे. याला किनेस्कोप म्हणतात. त्यात आवाज फिल्मच्या कडेच्या बारीक पट्टीत उमटतो आणि सिम्बलची (ड्रमसोबतच्या पितळी थाळीची) चमक तिथेच मरते. अँपेक्सची व्हिडिओ टेप १९५६ मध्ये आली, पण ती इतकी महाग की जुनं पुसून वरच नवं भरायचे. शिवाय पंधरा माणसं एका जागी फुंकताहेत आणि माइक मोजके, म्हणजे ट्रंपेट पियानोच्या माइकमध्ये घुसणारच. मला ती घुसखोरी आवडते. बँड एका खोलीत बसलाय हे त्यातूनच कळतं. खरखर काढायच्या नादात ड्रमवर काठ्यांऐवजी फिरवायच्या ब्रशचा आवाजही पुसून टाकतात, असल्या ‘सुधारित’ आवृत्त्या फुकट मिळाल्या तरी घेऊ नका.

काय घ्यावं? आधी हेच प्रसारण, चित्रासकट. त्यातला बेसीचा बँड आणि जिमी रशिंगचं गाणं चुकवू नका. मग बीबीसी टूच्या ‘जाझ ६२५’ मालिकेतला १९६४ चा एलिंग्टन. पन्नाशीच्या दशकातल्या टीव्ही प्रसारणावर ‘स्टिरिओ’ छापलेलं दिसलं तर पाकीट परत खिशात घाला. अमेरिकेत टीव्हीला स्टिरिओची पद्धत मिळाली ती १९८४ मध्ये. (टीव्ही आणि रेडिओ शेजारी ठेवून केलेले प्रयोग त्याआधीही झाले, पण दुकानात समोर येणारा माल सहसा तो नसतो.)

हां, तुम्ही स्वतः अरेंजमेंट (कोणत्या वाद्याने काय वाजवायचं ते) लिहीत असाल, चार सॅक्सोफोनमधला मधला स्वर कोणता हे शोधायचं असेल, तर स्टुडिओ एलपीच हवी. किनेस्कोपवर मधल्या ओळींचा लगदा होतो. आणि हे इअरफोनवर ऐकू नका, डोकं दुखतं. साध्या स्पीकरवर ऐका.

आणि कोणी ती कोलंबियाची एलपी लावून ‘हेच ते टीव्हीवरचं’ म्हणालं, तर वाद घालत बसू नका. मलिगनचा सोलो कुठे आहे, तेवढं विचारा. आमच्याकडे अजून उत्तर आलेलं नाही.